शेतीचा कारखाना हवाय ना? मग कापसाचं जिन बांधा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे सुटं धान्य साठवायचा उंच मनोरा, बांधू नका. त्या जागी कापसाचं जिन, म्हणजे कपाशीतली रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखाना, बांधा, आणि त्याला नॅरोगेजचं सायडिंग, म्हणजे अरुंद रुळाचा माल चढवायचा फाटा, द्या. सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच, बाकीचा खुलासा पुढे करतो.

तुमचा प्रश्न असा: सहा बाय अडीच फुटांचा एचओ मापाचा लेआउट, रुळांचा एक ओव्हल, डावीकडे छोटं स्टेशन आणि उजव्या कोपऱ्यात साधारण दोन फूट बाय एक फूट मोकळी जागा. तिथे शेतीशी जोडलेला एखादा उद्योग किट न आणता स्वतःच्या हातांनी उभा करायचाय, सामान बडोद्यातच मिळावं, आणि बघणाऱ्याला तो आपल्याच मुलखातला वाटावा. परदेशी मासिकांत एलिव्हेटरच दिसतात, कारण तिकडे गहू सुटा डब्यात ओततात. आपल्याकडे धान्य पोत्यांतून, हमालांच्या पाठीवरून गेलं. त्यामुळे तो उंच मनोरा कितीही सुबक झाला तरी आपल्या स्टेशनाशेजारी परकाच दिसेल.

जिन मात्र इथल्याच मातीतलं आहे. बडोदा आणि भरूचमधला कानम हा काळ्या जमिनीचा, कापसाचा पट्टा. मुंबईच्या वायदे बाजारात 'भरूच' हे नाव कापसाचं प्रमाण म्हणून चालायचं. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, आणि सुरुवातीला तिचे डबे बैल ओढायचे. अमेरिकेतल्या यादवीमुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला तीच ही वर्षं. वाफेच्या इंजिनाला पेलणारे भक्कम रूळ घालून १८७३ साली ती पुन्हा सुरू झाली. पुढे डभोईहून मियागाम, चांदोद, बोडेली आणि बडोदा असे फाटे पसरले, १९४९ साली ही गायकवाडी रेल्वे बीबी अँड सीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेत गेली आणि १९५१ साली पश्चिम रेल्वेत. आज यातला बराच भाग ब्रॉडगेज झालाय, पण प्रतापनगरच्या हेरिटेज पार्कमध्ये नॅरोगेजचं सामान जपून ठेवलंय. डब्याची उंची, दाराची रुंदी, बफर जमिनीपासून किती वर, हे सगळं तिथे डोळ्यांनी बघून घ्या. फोटोवरून काढलेली मापं नेहमी थोडी फसवतात.

मापाचं गणित इथे आपल्या बाजूने आहे. एचओ म्हणजे एकास सत्त्याऐंशी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात ते १९ मिलिमीटरहून थोडं जास्त व्हायला हवं. आपण १६.५ मिलिमीटरच्या रुळावर गाड्या चालवतो, म्हणून जाणत्याला त्या किंचित अरुंद वाटतात. नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, त्याचे होतात पावणेनऊ, आणि बाजारात एन गेज या आणखी लहान मापाच्या मॉडेलांचा नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. म्हणजे तुमच्या लेआउटवर सर्वांत खरा रूळ नॅरोगेजचाच असेल. एन गेजच्या एखाद्या छोट्या इंजिनाचा सांगाडा घेऊन वर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची एचओ मापाची बॉडी बसवा. रूळ मात्र बेताने निवडा. एन गेजचे स्लीपर फार जवळजवळ आणि आखूड असतात. पेको कंपनीचा डबल-ओ-नाइनसाठीचा, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या नॅरोगेज मॉडेलांसाठीचा, रूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर साध्या एन रुळाचे स्लीपर बॅलास्टमध्ये, म्हणजे रुळाखालच्या खडीत, अर्धे बुडवा.

भिंती कापायला घेण्याआधी मालाचा रस्ता ठरवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक जण इमारत आधी बांधतात आणि डबे कुठे उभे करायचे ते नंतर शोधत बसतात. जिनमध्ये काय येतं, काय जातं? कपास येते बैलगाडीतून. काट्यावर वजन होतं, चौकात गंजी लागते. तिथून ती टोपल्यांतून जिनघरात जाते. रोलर जिन हे यंत्र सरकी आणि रुई वेगळी करतं. रुई प्रेसघरात जाऊन गाठ होते, सरकी पोत्यांत भरून तेलघाण्याला किंवा गुरांच्या खुराकाला जाते. बॉयलरला कोळसा लागतो, गाठीला लोखंडी पट्ट्या आणि तागाचं बारदान लागतं. म्हणजे एका छोट्या कारखान्याला तीन-चार तऱ्हेचे डबे हवेत.

आता आकडे बघा. शंभर किलो कपाशीतून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६५ किलोच्या आसपास सरकी. एक गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कपास लागली. बैलगाडीत आठ-दहा क्विंटल धरा: एका गाडीतून जेमतेम दोन गाठी होतात. दहा टनांचा नॅरोगेज डबा भरायला साठेक गाठी, म्हणजे तीसहून जास्त बैलगाड्या. आणि त्याच कपाशीतून सरकी निघेल एकोणीस-वीस टन, तिला दोन डबे. रुईच्या एका डब्यामागे सरकीचे दोन. हे कळल्यावर दोन गोष्टी आपोआप ठरतात. फाटकाशी बैलगाड्यांची रांग लागलेलीच पाहिजे, एकुलती एक गाडी शोभेपुरती ठेवून चालणार नाही. आणि सरकीचं गोडाऊन सायडिंगच्या अगदी कडेला हवं, कारण सर्वांत जास्त माल तिथूनच उचलला जाणार.

तुमच्या कोपऱ्यात मी मांडणी अशी करेन. सायडिंग डावीकडून, स्टेशनच्या बाजूने, पुढच्या कडेला समांतर येऊ द्या. डाव्या टोकाला फाटक, आणि बैलगाड्यांचा रस्ता सायडिंग ओलांडून चौकात शिरलेला. मागच्या भिंतीला चिकटून लांबट जिनघर. चौकात कपाशीच्या गंज्या. मध्यावर, रुळाला लागून, सरकीचं बुटकं गोडाऊन. उजवीकडे पुढे सरकलेलं उंच प्रेसघर, त्याच्या दाराशी गाठींचा डबा. आणि सायडिंगच्या अगदी शेवटी बॉयलरघर, कोळशाचा ढीग, चिमणी. बॉयलर गंज्यांपासून जितका लांब नेता येईल तितका न्या. जिनमध्ये आगीची भीती सतत असते, ती मांडणीत दिसायला हवी: वाळूने भरलेल्या लाल बादल्यांची ओळ, विहीर, पाण्याचा हौद.

कोळसा शेवटी ठेवण्यामागे दुसरंही कारण आहे. कोळशाचा भरलेला डबा आत घालायचा तर आधी गाठींचे आणि सरकीचे डबे बाहेर काढावे लागतात, मग पुन्हा आपापल्या जागी लावावे लागतात. चार डब्यांच्या सायडिंगवर अर्धा तास शंटिंग निघतं. नॅरोगेजचा डबा कपलिंगसकट ऐंशी मिलिमीटर धरा, म्हणजे सव्वातीनशे मिलिमीटर सरळ रूळ पुरतो. वळण नऊ इंचांच्या त्रिज्येपेक्षा कमी ठेवू नका.

आता इमारत. खरं जिनघर शंभर फूट लांब असेल तर एचओत साडेतीनशे मिलिमीटर होतं. तेवढी जागा तुमच्याकडे नाही, तेव्हा लांबी कमी करा, पण खांबांमधलं अंतर, दारं, खिडक्या आणि उंची यांना हात लावू नका. दोन खांबांमधला गाळा दहा फुटांचा, म्हणजे ३५ मिलिमीटर. दहा गाळ्यांऐवजी सात घ्या, २४५ मिलिमीटरमध्ये बसेल. सात फुटांचं दार साडेचोवीस मिलिमीटर. दार लहान केलं की शेजारी उभा केलेला माणूस लगेच चुगली करतो. जिनघराची खोली फक्त साठ मिलिमीटर ठेवा, पुढचा उतार दाखवा आणि छपराचा कणा लेआउटच्या मागे लावलेल्या चित्राला टेकवा. मागची बाजू कोणी बघत नाही.

भिंतींना पाच मिलिमीटरचा सनबोर्ड वापरा. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे तुकडे पडलेले असतात, मागितले तर देतात. पाच मिलिमीटर म्हणजे प्रमाणात जवळजवळ दीड फूट, जुन्या कारखान्याच्या भिंतीची खरी जाडी. म्हणून खिडकीचा कोनाडा आपोआप खोल दिसतो आणि सावली नीट पडते. पातळ पुठ्ठ्याच्या भिंतीला हे कधी जमत नाही. विटेचा एक थर चुन्यासकट एक मिलिमीटरला येतो, शाई संपलेल्या बॉलपेनने ओळी दाबून घ्या. पण सगळी भिंत विटांची करू नका. बहुतेक भाग गिलाव्याचा ठेवा, पावसाने गिलावा पडलाय अशा खालच्या पट्ट्यात आणि कोपऱ्यांवर तेवढ्या विटा कोरा. काम निम्मं होतं आणि भिंत जुनी दिसते. सनबोर्डला फेविकॉल धरत नाही, फेवीक्विक किंवा फेविबाँड लागतो. थर्माकोलवर मात्र फेविबाँड आणि स्प्रे पेंट दोन्ही वर्ज्य, ते त्याला खाऊन टाकतात. रंगवलेल्या भिंती वैशाखात गच्चीवर वाळायला ठेवू नका, सनबोर्ड उन्हाने वाकतो. पुठ्ठा जिथे वापराल तिथे दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच तो पीळ खाईल.

पत्र्याचं छप्पर हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. हार्डवेअरच्या दुकानातून पाच एमएमचा आटे पाडलेला रॉड आणा. त्याच्या आट्यांतलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं, आणि एचओत ते सत्तर मिलिमीटर होतं. खऱ्या पत्र्याच्या दोन लाटांत तीन इंच, म्हणजे शहात्तर. डोळ्याला फरक कळत नाही. पार्सलच्या जेवणाचा अॅल्युमिनियमचा डबा धुऊन कापा, जुन्या माऊसपॅडवर ठेवा, रॉड त्यावर दाबून एकाच दिशेने लाटा. पन्हळी रॉड ज्या दिशेने फिरला त्या दिशेने उमटतात. मग २८ बाय नऊ मिलिमीटरचे तुकडे कापा, म्हणजे आठ फुटी पत्रे झाले, आणि पन्हळी कण्याकडून वळचणीकडे उतरतील असे लावा. सुरुवात वळचणीपासून करून वर जा, प्रत्येक वरचा पत्रा खालच्यावर थोडा चढवा. एखाद-दुसरा तिरका लागला तर तसाच राहू द्या. रंग द्यायच्या आधी मेटल प्रायमर, नाहीतर नखाने सुटून येईल. गंज सगळीकडे सारखा चढवू नका. तो खिळ्यांच्या ओळींत आणि पत्रे एकमेकांवर चढतात तिथे आधी येतो.

चिमणी खऱ्या मापात केली तर सगळा लेआउट दाबून टाकेल. ऐंशी फुटी चिमणी २८० मिलिमीटर होते. १८० ते २०० वर थांबा, पण तळाची जाडी कमी करू नका. गोल निमुळता आकार गुंडाळत बसण्यापेक्षा अष्टकोनी करा, जाड कागदाच्या आठ निमुळत्या पट्ट्या एका काठीभोवती चिकटल्या की झालं. कडेच्या कोपऱ्यात तिला उभी करू नका, थोडी आत आणि मागे घ्या.

कपाशीची गंजी करताना खरा कापूस अजिबात वापरू नका. सगळ्यांना पहिल्यांदा तेच सुचतं. त्याचे तंतू उडतात, इंजिनाच्या आसाला आणि गिअरला गुंडाळतात, आणि मग ते छोटं इंजिन उघडून चिमट्याने एकेक तंतू काढावा लागतो. शिवाय एचओत कपाशीचं बोंड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, तंतू दिसणारच नाहीत. थर्माकोलचा उंचवटा कापा, त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्या, ओला असतानाच जुन्या टूथब्रशने टोचून खडबडीत करा. रंग दुधी, पांढराशुभ्र नको. मध्ये मध्ये अगदी कोरड्या ब्रशने फिका तपकिरी टिपका, कारण कपाशीत पालापाचोळा असतोच. रवा वापरण्याचा सल्ला मिळेल तुम्हाला. आपल्या हवेत त्याला आठवड्यात मुंग्या लागतात. गाठी सोप्या आहेत: १४ बाय ६ बाय ५ मिलिमीटरचे लाकडी ठोकळे, वर भुरक्या कागदाचं बारदान आणि काळ्या दोऱ्याच्या पट्ट्या.

जमिनीसाठी खरी काळी माती घ्यायचा मोह होईल. दोन अडचणी आहेत. ही माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, पातळ केलेल्या फेविकॉलबरोबरही तिला भेगा पडतात. आणि ती बेसॉल्टची, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात, ते मोटरमध्ये ओढले जातात. म्हणून वस्त्रगाळ माती चुंबक फिरवून साफ करा आणि अगदी पातळ थरात, रंगवलेल्या पृष्ठभागावर भुरभुरवा. चौकाचा रंग शेतापेक्षा फिका हवा, तिथे रोज चाकं आणि पाय पडतात.

जिनची खरी ओळख इमारतीत नसते, ती रुईच्या धुळीत असते. छपराच्या कडा, खिडक्यांचे गज, तारा, शेजारचं कडुलिंबाचं झाड, सगळ्यावर पांढरट भुरका बसलेला असतो. वाटेवरच्या बाभळींना आणि थोराच्या कुंपणाला गाड्यांतून ओढला गेलेला कापूस अडकलेला असतो. मोठ्या सपाट ब्रशवर दुधी रंग घ्या, फडक्याला जवळजवळ पूर्ण पुसा आणि कडांवरून हलकेच फिरवा. बाभळींवर टोकाने ठिपके द्या. माझ्या मते या एका तासाच्या कामाने जिन जितकं जिवंत होतं तितकं महिनाभराच्या कोरीव कामाने होत नाही.

बैलगाड्या निदान आठ करा. पाच फुटी चाक साडेसतरा मिलिमीटर, लेझर कटिंगवाल्याकडून पातळ एमडीएफमध्ये एकदम काढून आणा, स्वस्त पडतं. बैल एम-सीलचे घडवा आणि ते कांकरेज ठेवा: अंगाने मोठे, राखाडी, खांदे गडद, शिंगं बाहेर वळून वर गेलेली. शिंगांना विजेच्या वायरीतली तांब्याची तार. रांगेतल्या सगळ्या जोड्या जुंपलेल्या दाखवू नका, वाट बघणारा माणूस बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकतो. काट्याजवळ मुनीम आणि दलाल, टोपल्या वाहणाऱ्या बाया, प्रेसघराच्या दारात आकडे घेतलेले हमाल. एवढी माणसं पुरेत.

हंगामही ठरवून घ्या, त्यावर रंग ठरतो. जुनं भरूच देशी वाण उशिरा यायचं, थंडी सरता सरता वेचणी आणि उन्हाळ्यात जिन जोरात, म्हणून तर वायदा एप्रिल-मेचा असायचा. तेव्हा गवत पिवळं, धूळ जास्त. १९७० च्या पुढे संकरित वाणं आली, त्यांचा कापूस दिवाळीनंतर येऊ लागतो आणि शिवार अजून थोडं हिरवं असतं. वाफेचं इंजिन चालवणार असाल तर पहिला काळ घ्या, नॅरोगेजचं डिझेल आवडत असेल तर दुसरा. दोन्हींची सरमिसळ नको.

तुमच्या स्टेशनावर ब्रॉडगेजच्या एका सायडिंगला समांतर नॅरोगेजचा रूळ न्या आणि मध्ये एक फलाट ठेवा. मियागामला हेच होतं: लहान डब्यातून मोठ्या डब्यात माल बदलायचा आणि मग मुंबई. गाठी कुलाब्याला जायच्या, पुढे शिवडीला. यामुळे तुमचं ओव्हल आणि नवा कोपरा एकाच व्यवहारात बांधले जातात, आणि ब्रॉडगेजच्या मालगाडीला तिथे थांबायला कारण मिळतं.

चालवताना इंजिन सायडिंगच्या आत पूर्ण नेऊ नका. ठिणगीची भीती, म्हणून पुढे दोन रिकामे डबे लावून त्यांच्या आधाराने ढकला, इंजिन गोडाऊनच्या अलीकडेच राहील. त्यासाठी सायडिंगला वेगळा स्विच द्या आणि गोडाऊनपाशी एका रुळाला खाच पाडून पुढचा रूळ वीजविरहित ठेवा. इंजिन चुकून पुढे गेलं तर आपोआप थांबेल. हे वायरिंग बॅलास्ट टाकायच्या आधी करून, निदान आठवडाभर चालवून बघा. नऊ मिलिमीटरची छोटी इंजिनं धुळीला आणि सैल जोडाला फार लवकर अडतात, आणि एकदा चौक रंगवून झाला की रूळ उखडणं जिवावर येतं.